मका कधी पेरायचा? तुरा कधी येतो ते बघून!

प्रश्न: नमस्कार भाऊ, मी बुलढाण्याच्या मोताळा तालुक्यातला. हरभरा निघाल्यावर फेब्रुवारीच्या शेवटी वावरात मका टाकला, विहिरीला पाणी होतं, खतही वेळेवर दिलं, झाडं डोक्याच्या वर गेली, पण कणसं सोलली तर अर्धी रिकामी. गावातले म्हणतात बियाणं बोगस निघालं. यंदा परत टाकू का?

उत्तर: भाऊ, बियाण्यावर जायच्या आधी तारखा मोजा. फेब्रुवारीच्या शेवटी पेरलेल्या मक्याला साधारण 55-60 दिवसांनी तुरा, म्हणजे शेंड्यावरचा नर फुलोरा, येतो, म्हणजे एप्रिलचा शेवट, आणि तेव्हा आपल्याकडं दुपारचा पारा 42-43 ला टेकलेला असतो. मका गरम हवेचं पीक आहे हे खरंच, 21 ते 32 अंशात तो झपाट्यानं वाढतो, पण तुऱ्यातला पराग फार नाजूक, 35 च्या वर ऊन गेलं आणि कोरडा वारा सुटला की तो मरायला लागतो, कणसाचे केसही सुकतात. कणसातला एकेक दाणा एकेका केसाला जोडलेला असतो, त्या केसावर जिवंत पराग पडला तरच तिथं दाणा भरतो, नाही तर जागा रिकामी. पीक चार महिन्यांचं, पण उत्पन्न ठरतं ते या आठ-दहा दिवसांत, आणि पेरणीचा सल्ला देताना हीच गोष्ट सांगायची राहून जाते याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून दाण्यासाठी मका घ्यायचा असेल तर हरभऱ्यानंतर नको, सोयाबीन निघालं की 15 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबरच्या दरम्यान पेरा, तुरा जानेवारीत येतो, ऊन सौम्य असतं. उन्हाळीच करायचा तर जानेवारीतच पेरणी उरका, आणि तुरा, केस निघताना व दाणे भरताना जमीन सुकू देऊ नका, पाण्याची पाळी जवळ घ्या. फेब्रुवारीत वावर मोकळं झालं तर सरळ चाऱ्याचा मका टाका, आफ्रिकन टॉल ही जात चांगली, त्याला दाण्याची गरजच नाही आणि उन्हाळ्यात जनावरांना हिरवं मिळतं.

पावसाळी मका करणार असाल तर 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तुरा ऑगस्टमध्ये येतो आणि नेमका तेव्हाच आपल्याकडं पाऊस दडी मारतो, विहिरीचं एक पाणी तेवढ्यासाठी राखून ठेवा.

प्रश्न: भंडाऱ्याकडची आहे मी. धान निघाल्यावर डिसेंबरात मका लावला, रोपं जांभळी पडलीत. रोग आहे का?

उत्तर: रोग नाही ताई, बहुतेक थंडी आहे. जमीन गार असली की मुळांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नाही आणि पानं जांभळी दिसतात, 10 अंशाच्या खाली तर वाढच जवळपास थांबते. घाबरून डीएपी हे स्फुरदाचं खत ओतू नका, ऊन वाढलं की नवीन पानं हिरवी येतील. पण धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यात, पाणी धरून राहतं, त्याची काळजी जास्त घ्या, रोप पाच-सहा पानांचं होईपर्यंत त्याचा वाढीचा कोंब जमिनीतच असतो, पाणी दोन दिवस तुंबलं तरी गुदमरतो. पुढच्या वेळी वरंब्यावर टोका, आणि आता बांधीच्या खालच्या कडेला चर काढून द्या.