यंत्राआधी भिंत समजून घेऊ द्या

नमस्कार ताई,

मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. विद्यापीठांच्या जुन्या वारसा इमारतींचं नूतनीकरण होतं, तेव्हा त्या कमी ऊर्जेत उबदार आणि थंड ठेवण्याचं काम तिला करायचंय. ‘म्हणजे एसीच बसवायचे ना? त्यापेक्षा सॉफ्टवेअर बरं,’ असं तुम्ही लिहिलंय.

एसी बसवणं हा या कामाचा शेवटचा टप्पा. खरी परीक्षा त्याआधी होते. थंड प्रदेशातली दगडी, चुन्यात बांधलेली जाड भिंत घ्या. उष्णता वाचवायला तिला आतून उष्णतारोधक थर दिला, तर मूळ दगड आधीपेक्षा थंड पडतो. खोलीतली दमट हवा थरामागे शिरली की तिथे पाणी सुटतं आणि भिंतीत रुतलेलं लाकडी तुळईचं टोक गुपचूप कुजायला लागतं. इंधन वाचतं, छत मात्र धोक्यात येतं! हे आधीच ओळखणारा इंजिनीअर मिळणं सोपं नाही, म्हणून मुलीची निवड मला मनापासून आवडली.

कामही मोठं आहे. अमेरिकेतल्या बॉल स्टेट विद्यापीठाने २००९ मध्ये कोळशाच्या बॉयलरऐवजी जमिनीत बोअर घेऊन हीट पंपाची, म्हणजे जमिनीतली उष्णता खेचून इमारतीत आणणारी, यंत्रणा उभारायला घेतली. हीट पंप विजेच्या एका युनिटमागे साधारण तीन-चार युनिट उष्णता देतो. पण त्याला ५०-५५ अंशांचं पाणी सोयीचं, आणि खोली तापवणारे जुने रेडिएटर त्याहून कितीतरी गरम वाफेसाठी बनवलेले; एवढ्या पाण्यावर ते कमी उष्णता देतात. मग आधी खिडक्यांच्या फटी बुजवा, जुन्या काचेच्या आत दुसरी काच बसवा, उष्णतेची गरजच खाली आणा. हवा नेणाऱ्या डक्टसाठी नक्षीदार छत फोडता येत नाही, हे वेगळंच.

एक अडचण स्पष्ट सांगते. फक्त वारसा इमारतींचं काम करणाऱ्या जागा थोड्या असतात. सुरुवातीची काही वर्षं एखाद्या एचव्हीएसी (हीटिंग, व्हेंटिलेशन, एसी) सल्लागाराकडे ऑफिसं, हॉस्पिटलं करावी लागतील. करू द्या, हात तिथेच बसतो. इंटर्नशिप मात्र शक्यतो संवर्धन वास्तुविशारदाकडे करावी. सॉफ्टवेअरही वाया जात नाही: सेन्सरची आकडेवारी वाचायला आणि इमारतीचं सिम्युलेशन करायला प्रोग्रॅमिंग लागतंच.

अ‍ॅश्रे या एचव्हीएसी इंजिनीअरांच्या अमेरिकी संस्थेची ३४ क्रमांकाची मार्गदर्शिका (२०१९) ऐतिहासिक इमारतींच्या ऊर्जेवरच आहे. ती मुलीला या सुट्टीत वाचू द्या. वाचूनही ओढ तशीच राहिली, तर शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट याच विषयावर घ्यायला सांगा.