डोमिने, दंपती आणि एकच घर

अमेरिकेतल्या डच वसाहतींवर लेख लिहिणाऱ्या एका वाचकाने पुढचं वाक्य पाठवलं आहे: ‘फादर व्हॅन राल्टे आणि त्यांच्या पत्नी क्रिस्तिना या दाम्पत्याने १८४७ साली मिशिगनमध्ये हॉलंड हे गाव वसवलं.’ त्यांचा प्रश्न असा, की इथे ‘दाम्पत्य’ हवं की ‘दंपती’, आणि हल्ली ‘दंपत्ती’ असंही दिसतं, त्याचं काय?

‘दंपत्ती’ चूक. संपत्ती, आपत्ती, विपत्ती या शब्दांत ‘पद्’ धातू आहे, म्हणून तिथे ‘त्त’ येतो. दंपतीत सरळ ‘पती’ आहे, त्याला जोडाक्षर कुठून येणार? आता दंपती म्हणजे नवरा-बायको, आणि दाम्पत्य म्हणजे त्यांचं नवरा-बायकोपण. सख्य, वैधव्य यांच्यासारखं ते भाववाचक नाम आहे. दारात आलेल्या विधवेला कोणी ‘वैधव्य आलं’ म्हणत नाही, मग जोडप्याला ‘दाम्पत्य आलं’ का म्हणायचं? रूढ झालंय, हे मलाही दिसतं. तरी मी लिहिणार नाही. संस्कृत शब्द नको असेल तर ‘जोडपं’ आहे, आणि त्याहून गोड ‘मेहूण’ आहे. कुळधर्माला मेहूण जेवायला सांगतात, ते याच ‘मिथुन’ शब्दाचं मराठी रूप. एवढं उत्तर पुरे.

मी अडखळलो तो वाक्याच्या पहिल्याच शब्दाला. फादर, आणि लगेच त्यांच्या पत्नी! ख्रिस्ती धर्मगुरू दिसला की त्याला फादर करून टाकायचं, ही सवय आपल्या वर्तमानपत्रांतून, अनुवादांतून, मालिकांच्या संवादांतून इतकी पसरली आहे, की लिहिणाऱ्याला आपण काय लिहितोय हे जाणवतही नाही. फादर हा कॅथलिक धर्मगुरू, आजन्म अविवाहित. प्रॉटेस्टंट धर्मगुरूला बायको असते, मुलं असतात. मराठीला हा फरक ठाऊक नव्हता असंही नाही. नारायण वामन टिळकांना कोणी फादर टिळक म्हटलेलं तुम्ही ऐकलंय? ते रेव्हरंड टिळक. मराठी प्रॉटेस्टंट मंडळी आपल्या धर्मगुरूला ‘पाळक’ म्हणतात, किती नेमका शब्द! ‘पाद्री’ही व्युत्पत्तीने पोर्तुगीज ‘पाद्रे’, म्हणजे बापच. पण तो मराठीत इतका घासला गेला आहे की त्यातला बाप आता कोणाला ऐकू येत नाही. फादरमधला येतो.

मग अल्बर्टस व्हॅन राल्टे यांना त्यांची माणसं काय म्हणत? ‘डोमिने’. अमेरिकेत त्याचं ‘डॉमिनी’ झालं. या एका शब्दासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो.

लॅटिनमध्ये ‘डोमिनुस’ म्हणजे धनी, स्वामी. त्याचं संबोधनाचं एकवचन ‘डोमिने’, म्हणजे ‘हे स्वामी’, ‘अहो महाराज’. युरोपातल्या विद्यापीठांत सगळा व्यवहार लॅटिनमधून चाले, तेव्हा विद्वान माणसाला अशी हाक मारत. ती हाक डचांनी उचलली, आणि पुढे हाकेचंच नाम झालं. डोमिने आले, डोमिनेंचं घर, डोमिनेंची बायको. म्हणजे संबोधन विभक्ती हाक मारायचं सोडून कर्ता होऊन बसली. परकं वाटतंय? आपल्याकडे ‘आमचे अहो गावाला गेलेत’ असं म्हणतात, तेव्हा नेमकं हेच घडतं. ‘अहो’ ही हाक. नाव घ्यायचं नाही म्हणून मारलेली, आणि तिचाच पुढे नवरा झाला. रोमन लोकांचा ज्युपिटरही असाच, मुळात हाक. ऋग्वेदात ‘द्यौष्पितः’ म्हणून आकाशाला बोलावलं आहे, त्याच हाकेचं तिकडे देवाचं नाव झालं.

आता यातली गंमत बघा. कॅल्व्हिन या प्रॉटेस्टंट सुधारकाच्या मार्गाने गेलेल्या या डच मंडळींनी उपासनेतून लॅटिन हद्दपार केलं. स्तोत्रं डच भाषेत गायची, बायबल डच भाषेत वाचायचं. १६३७ साली छापलेलं ‘स्टेटन बायबल’ घरोघरी गेलं. आणि लॅटिन स्तोत्रांत देवाला मारलेली ‘डोमिने’ ही हाक मात्र त्यांच्या धर्मगुरूच्या नावात टिकून राहिली. मला यामागे एक कारण दिसतं, आणि ते मी कोणी खोडून काढेपर्यंत सोडणार नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात, तेविसाव्या अध्यायात, पृथ्वीवर कोणाला आपला पिता म्हणू नका असं येशूने सांगितलं आहे. ते वचन जिव्हारी धरणाऱ्या लोकांना ‘बाप’ या अर्थाचा कोणताही शब्द चालणार नव्हता. आदर तर द्यायचा होता. मग शाळेतून, विद्यापीठातून आलेली पंडिताची हाक त्यांना जवळची वाटली. स्कॉटलंडमध्ये याच शब्दाचा अर्थ ‘शाळामास्तर’ होतो, यावरून माझा तर्क आणखी पक्का होतो. धर्मगुरू म्हणजे बाप नव्हे, शिकवणारा. अशा माणसाला तुम्ही मराठीत फादर म्हणता, तेव्हा त्याने जो शब्द टाळला नेमका तोच त्याच्या गळ्यात घालता!

आणि शिकवणं म्हणजे किती! दर रविवारी दुसऱ्या उपासनेत १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीवर, म्हणजे प्रश्नोत्तरांतून धर्म शिकवणाऱ्या पुस्तिकेवर, प्रवचन. तिचे ५२ भाग केलेले, वर्षाच्या ५२ रविवारांसाठी. मंडळीतले वडील, म्हणजे चर्चचे ज्येष्ठ कारभारी, जोडीने घरोघर जात, त्याला ‘हाउसबेझूक’ म्हणत, म्हणजे सरळ गृहभेट. घरात प्रार्थना होते का, मुलं प्रश्नोत्तरी शिकतात का, हे दिवाणखान्यात बसून विचारलं जाई. मी काही काळ मिशिगनमध्ये राहिलो तेव्हा शेजारच्या आजी लहानपणीच्या त्या भेटीबद्दल सांगताना अजूनही पाठ ताठ करून बसायच्या. त्यांच्याकडे जेवायला गेलो की शेवटचा घास झाल्यावर कोणी उठायचं नाही. टेबलाच्या खणातून बायबल निघायचं, एक अध्याय वाचला जायचा, मग प्रार्थना, मग ताटल्या. प्रवचन सुरू झालं की त्या पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून बाकावर पुढे सरकवत. प्रवचन किती लांबलं ते आम्ही गोळ्यांवर मोजत असू.

त्यांनी मला पणजोबांचं बायबल दाखवलं होतं. सुरुवातीच्या कोऱ्या पानावर बारीक उभट अक्षरात जन्म आणि मृत्यू लिहिलेले. एक नाव दोनदा आलं होतं. मला वाटलं, लिहिणाऱ्याची चूक. आजींनी बोट ठेवलं: पहिला मुलगा दोन महिन्यांचा असताना गेला, पुढच्याला तेच नाव दिलं, कारण ते आजोबांचं नाव होतं आणि ते घरात राहायलाच हवं होतं. आजोबांचं नाव नातवाला देणाऱ्या आपल्या घरांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

तर ‘घर’. इथे मला व्हॅन राल्टे सोडून ऋग्वेदाकडे वळू द्या, कारण वाचकाचा प्रश्न दंपतीचा होता आणि दंपती नि डोमिने एकाच घरातले आहेत. ‘डोमिनुस’ आला ‘डोमुस’पासून, म्हणजे घरापासून; डोमिनुस तो घरधनी. त्या डोमुसचं वैदिक भावंड ‘दम’. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात अग्नी ‘वर्धमानं स्वे दमे’ आहे, आपल्या घरात वाढणारा. रशियन ‘दोम’ तेच, अर्थ घरच. आणि दम् अधिक पती म्हणजे दम्पती, घराचा धनी. पहिल्या मंडळात तर एकट्या अग्नीला दम्पती म्हटलं आहे, एकवचनात. नवरा-बायको हा अर्थ द्विवचनाचा: आठव्या मंडळात ‘या दम्पती समनसा’ एका मनाने सोम गाळतात. म्हणजे घराचे दोन धनी, एक पुरुष आणि एक बाई. एवढा समतेचा शब्द आपल्याकडे आयता पडलेला आहे! ग्रीक ‘देस्पोतेस’ म्हणजे याच दोन तुकड्यांचा जोड, पण तिकडे त्याचा हुकूमशहा झाला.

आता वैयाकरण. अमरकोशात ‘दम्पती जम्पती जायापती भार्यापती च तौ’ अशी ओळ आहे, आणि पाणिनीच्या राजदन्तादी गणावर, म्हणजे त्या नावाच्या शब्दयादीवर, बोट ठेवून परंपरा सांगते, की इथे ‘जाया’ शब्दाचाच ‘दम्’ झाला. म्हणे निपातन, म्हणजे नियमाबाहेरचं तयार रूप! जायाचा जम् होतो, इथवर मी येतो. दम् कसा होईल? ध्वनीच्या कोणत्या नियमाने? वेदात ‘दमे’ डोळ्यांसमोर असताना, अग्नी बायकोशिवाय एकटा दम्पती असताना, त्या शब्दात बायको शोधायला जाणं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. मराठी व्युत्पत्ती सांगणाऱ्यांनी हे जुनं भाष्य अजून पुढे चालवावं, याचं मला वाईट वाटतं. त्याहून वाईट म्हणजे ‘दमन करणारा तो दंपती’ असला फॉरवर्ड. शम-दमातला दम वेगळ्या धातूचा. त्याचा घराशी संबंध नाही.

डोमिनुसची इतर लेकरं आपल्या ओळखीची आहेत. ‘डोमिना’ची पोर्तुगीजमध्ये ‘दोना’ झाली, ती गोव्यात दोना पावला म्हणून समुद्राकाठी उभी आहे. स्पॅनिश ‘डॉन’ हिंदी सिनेमात शिरला.

व्हॅन राल्टेंकडे परत. १८३४ साली नेदरलँड्सच्या ग्रोनिंगन प्रांतातल्या उल्रुम गावात हेंड्रिक डी कॉक या डोमिनेंनी सरकारमान्य चर्चपासून फारकत घेतली. वीसपेक्षा जास्त माणसं परवानगीशिवाय जमायची नाहीत, या नेपोलियनच्या काळातल्या कायद्याचा आधार घेऊन सरकारने या लोकांना दंड केले, त्यांच्या घरांत शिपाई आणून बसवले. व्हॅन राल्टेही त्या फारकतीत होते, दंड आणि तुरुंग दोन्ही भोगून झाले होते. वर १८४५ पासून बटाट्याचं पीक कुजलं. १८४६ मध्ये ते बायको-मुलांसह जहाजात बसले. आणि या बंडातली नाती पाहा: व्हॅन राल्टे, ब्रूमेलकाम्प आणि व्हॅन व्हेल्झेन या तीन डोमिनेंच्या बायका सख्ख्या बहिणी, डी मून घराण्यातल्या. म्हणजे तिघे एकमेकांचे साडू! पुस्तकांत हे सांगायला ओळभर लागते, मराठीत एका शब्दात होतं. ‘फादर’ लिहिलंत की हे साडू जातात, बहिणी जातात, ज्या धाग्याने ही माणसं एकमेकांना धरून होती तो धागाच जातो.

त्याआधीही, १६२८ साली, न्यू ॲम्स्टरडॅमला, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कला, पहिले डोमिने योनास मिखायलियस आले. पोहोचल्यावर सात आठवड्यांत त्यांची पत्नी वारली. सोळा वर्षांहून जास्त संसार झालेला, पदरात तीन मुलं. हे त्यांनी स्वतः पत्रात लिहिलं आहे. ज्या पत्रात गावातल्या पहिल्या प्रभुभोजनाचा वृत्तान्त आहे, त्याच पत्रात. त्या माणसाला फादर म्हणणार?

डच आणि फादर हे शब्द एकत्र येऊ शकत नाहीत असं मात्र नाही. १८४८ मध्ये डच कॅथलिक कुटुंबांना विस्कॉन्सिनमधल्या लिटल शूटला घेऊन गेले ते फादर व्हॅन डेन ब्रूक. ते खरोखरचे फादर, संसार नसलेले, आणि डोमिनिकन पंथाचे. डोमिनुस त्यांनाही सुटला नाही.

तेव्हा वाक्य असं करा: ‘डोमिने व्हॅन राल्टे आणि क्रिस्तिना या दंपतीने १८४७ साली मिशिगनमध्ये हॉलंड हे गाव वसवलं.’ डोमिने कोण, हे वाचकाला कळणार नाही अशी भीती वाटत असेल, तर पहिल्यांदा ‘डोमिने, म्हणजे पाळक’ असं लिहा आणि पुढे डोमिनेच चालू ठेवा. ‘पुढल्याच परिच्छेदात साडू येऊ द्या’, हे मी आग्रहाने सांगतो.