नेत्याशिवाय गाव चालतं का?

प्रश्न: नमस्कार दादा. आमच्या गावात डोंगर कापून प्लॉट पाडतायत त्याच्या विरोधात सगळे वाडे एकत्र आले, समिती झाली, पण आता आमच्यातच वाद लागलाय. एक मित्र बरंच वाचतो, तो म्हणतो जाणत्या लोकांचा शिस्तीचा पक्ष पुढे असल्याशिवाय सामान्य माणसाच्यानं काही होत नाही. बाकीचे म्हणतात पक्ष नको, नेता नको, समितीत पदंच नकोत. साधी माणसं खरंच स्वतःचा कारभार स्वतः करू शकतात काय?
- एक वाचक, डिचोली

उत्तर: करू शकतात. आपल्या गोव्यातल्या गावांनी तर हे शेकडो वर्षं केलंय. पोर्तुगीज आले तेव्हा गावकरी, म्हणजे गावातल्या मूळ घराण्यांनी मिळून गावाचा कारभार चालवायची पद्धत, चालूच होती, 1526 साली त्यांनी तिचे रिवाज लिहून घेतले, कारण सारा वसूल करायचा तर ती मोडून भागणार नव्हतं. जमीन गावाची, ती ठराविक मुदतीनं लिलावात कसायला द्यायची, त्यातून देवळाचा नि बांधाचा खर्च काढायचा आणि उरलं ते गावकारांत वाटायचं. खाजन शेतीच घे ना. खाडीचं खारं पाणी बांधानं अडवलेलं, मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, दारं भरती-ओहोटी बघून बंद-उघड करायची, आणि बांध फुटला की तो कोणाच्या शेताकडे फुटला हे न बघता धावायचं, कारण खारं पाणी एकदा आत शिरलं की सगळ्यांचीच शेतं गेली. गोव्यात अशी साधारण 18 हजार हेक्टर जमीन माणसांनी समुद्राकडून राखली, कुठल्या पक्षाची वाट न बघता.

पण तेवढं सांगून थांबलो तर ती लबाडी होईल. गावकार म्हणजे कोण, तर मूळ घराण्यांतले पुरुष. बायका त्यात नाहीत, शेत कसणारं कूळ नाही, दुसऱ्याच्या भाटात, म्हणजे बागायतीत, घर बांधून राहणारा मुंडकार नाही. त्यांना हक्क मिळाले ते निवडून आलेल्या सरकारांनी कायदे केले तेव्हा, 1964 चा कूळ कायदा आणि 1975 चा मुंडकार कायदा. गावकरीनं आपणहून ते दिले नसते असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणजे पक्षाच्या सरकारचाही उपयोग झालाच, हे मान्य करायला पाहिजे. मात्र पुढे काय झालं तेही बघ, बांधाची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली, पण सगळ्यांनी मिळून राखायची जुनी सवय त्याबरोबर आली नाही. मानशीवरच्या मासळीचा लिलाव होतो, आणि कितीतरी ठिकाणी ठेकेदार जास्त मासळीसाठी खारं पाणी आत घेतो, शेतं पडीक पडतात. संघ कागदावर असतो पण बैठकीला कोण येत नाही.

तुझ्या वाचणाऱ्या मित्राचं म्हणणं 1902 साली रशियन क्रांतीचा नेता लेनिन यानं मांडलेलंच आहे, की कामगार आपल्या बळावर फक्त युनियनपर्यंत पोचतात, पुढची जाणीव त्यांना बाहेरून द्यावी लागते. त्याला रशियातल्या क्रोनश्टाटबद्दल विचार. 1917 च्या क्रांतीत सगळ्यात पुढे असलेल्या त्या नाविक तळानं मार्च 1921 मध्ये मागितलं काय, तर सोव्हिएतांच्या, म्हणजे कामगार-सैनिकांच्या निवडून दिलेल्या मंडळांच्या, नव्यानं आणि गुप्त मतदानानं निवडणुका. त्याच क्रांतीच्या सैन्यानं त्यांना चिरडलं. मला हे वाचताना अजून राग येतो.

जाणकार लागतातच, पण ते बसणार कुठे हा खरा प्रश्न. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा बघ, गोंड आदिवासींचं छोटं गाव. तिथे अभ्यासगट वेगळा, त्यात बाहेरचा माणूस येतो, कायदा समजावतो, वाद होतात, पण निर्णय ग्रामसभेचा आणि तोही सर्वसहमतीनं, बहुमतानं नाही, एकाला जरी पटलं नाही तर परत बसायचं. वेळ लागतो, लागू दे. असं बसून बसूनच त्यांनी 2009 मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि 2011 मध्ये बांबू वाहतुकीचे पास द्यायचा अधिकार स्वतःच्या हातात घेतला. तुमच्याकडेही वकील, आर्किटेक्ट, झोनिंग कळणारी माणसं असतील, त्यांना दर आठवड्याला बोलवा, नकाशे सगळ्यांसमोर उघडा, पण बिल्डरशी काय बोलायचं ते त्यांनी ठरवायचं नाही.

आणि पदंच नकोत म्हणणाऱ्यांना सांग, पदं काढली तरी पुढारी राहतोच, फक्त दिसत नाही. ज्याच्याकडे पत्रकारांचे नंबर, जो व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन, ज्याला दुपारी पणजीला जायला सवड, तो आपोआप नेता होतो आणि त्याला काढायचं कसं ते कोणालाच ठाऊक नसतं. त्यापेक्षा पदं ठेवा, मुदत घाला, आलटून पालटून द्या. मामलेदाराकडे जाताना दोघं तरी जा आणि परत आल्यावर काय बोलणं झालं ते वाड्यावर सांगा. वर्गणीचा हिशेब प्रत्येक बैठकीत मोठ्यानं वाचा.

मित्राला पक्षात जायचं तर खुशाल जाऊ दे, समितीचं नाव आणि पैसे मात्र बरोबर नेऊ नयेत. आणि एक राहिलं, तुझ्या पत्रात सगळे वाडे एकत्र आले असं आहे, पण भाड्याच्या खोल्यांत राहणारे आले काय? बायका किती येतात? बैठक स्वयंपाकाच्या वेळेला ठेवत असाल तर त्या येणार नाहीतच, आधी त्यांना विचारून वेळ बदला.