शिक्षक शाळा का सोडतात, आणि काय केलं तर ते टिकतील?

तुम्ही विचारलंय की शिक्षक शाळा सोडून का चाललेत आणि शिक्षणात नेमकी काय सुधारणा करता येईल. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते, वीसेक वर्षं झाली. म्हणून बोलणार आहे ते महाराष्ट्रातल्या मराठी शाळांबद्दल, जे रोज बघते त्याबद्दल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. जिल्हा परिषदेचा कायम झालेला शिक्षक सहसा राजीनामा देत नाही. सातव्या वेतन आयोगाचा पगार आहे, तो वाईट नाही. सोडून जातात ते एकतर उमेदवारीच्या वर्षांतले तरुण, नाहीतर विनाअनुदानित शाळांत पिचलेले. आणि आमच्यासारखे जे राहतात त्यांचं नाव मस्टरवर असतं, पण माणूस वर्गात नसतो. मला विचाराल तर मुलांचं जास्त नुकसान या शेवटच्या प्रकारात होतं, आणि सुधारणेची चर्चा तिथपर्यंत सहसा पोचतच नाही.

तरुणांचं सांगते. २००० साली राज्यात शिक्षण सेवक योजना आली. नेमणूक झाल्यावर पहिली तीन वर्षं पगार नाही, ठरावीक मानधन. प्राथमिकला ते ३,००० रुपये होतं. मी त्यावरच लागले. पुढे ६,००० झालं आणि त्यावरच दहाएक वर्षं अडकून राहिलं. २०२३ पासून १६,००० आहे. आमच्याकडे मराठवाड्यातून एक सर आले होते. खोलीचं भाडं, मेस, सणाला गावी जायचा खर्च, घरी आजारी वडील. तिसरी-चौथीच्या मुलांना दोरी देऊन बांधावर न्यायचे आणि शेताची लांबी-रुंदी मोजायला लावायचे, म्हणून आमच्या मुलांना परिमिती आणि क्षेत्रफळ कधी पाठ करावं लागलं नाही. रात्री ते तलाठी भरतीचा अभ्यास करायचे. निवड झाली, गेले. त्यांना कोणत्या तोंडाने थांबा म्हणणार? त्यांची जागा भरायला इतका वेळ लागला की त्या चौथीची मुलं तोवर हायस्कूलला गेली.

विनाअनुदानितची कथा तर याहून कडू आहे. २००१ च्या सुमारास सरकारने 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर शाळा वाटल्या. २००९ मध्ये त्यातला 'कायम' शब्द काढला, म्हणजे अनुदानाची आशा लावली. २०१६ मध्ये २० टक्के अनुदान सुरू झालं आणि पुढचे टप्पे आझाद मैदानावर उपोषणं करून करून मिळवावे लागले. माझा मावसभाऊ अशा एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचा, बी.एस्सी. बी.एड. पहाटे दूध संकलन केंद्रावर काम, मग शाळा. पगारपत्रकावर सही एका आकड्यावर आणि हातात पडायचा दुसराच. अनुदान आलं की सगळं भरून निघेल म्हणत तो पस्तिशी ओलांडून गेला. शेवटी सोडलं. आता तालुक्याला शिकवणीचे वर्ग चालवतो, चांगलं कमावतो. पण ज्या वाडीवरची पोरं त्याच्याकडे फुकट विज्ञान शिकायची, त्यांना त्या वर्गाची फी परवडत नाही.

आणि भरतीचं काय? ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, हजेरीपटावरची बोगस नावं उघडी पडली, आणि मे २०१२ मध्ये शिक्षक भरतीच बंद झाली. दोषी संस्थाचालक होते, शिक्षा भोगली डी.एड. करून बसलेल्या मुलांनी. त्यानंतर भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी झाली डिसेंबर २०१७ मध्ये, शिक्षक भरतीच्या सरकारी 'पवित्र' पोर्टलवरून नेमणुका निघाल्या २०१९ मध्ये. पुढची चाचणी २०२३ मध्ये. एका पिढीची उमेदीची वर्षं वाट बघण्यात गेली. शेकडो डी.एड. कॉलेजं बंद पडली. पूर्वी बारावीला चांगले मार्क पडलेली गावातली मुलगी हमखास डी.एड.ला जायची. आता ती नर्सिंग किंवा फार्मसी बघते, आणि तिचे आईवडील बरोबरच करतात.

आता जे राहिलेत त्यांच्याबद्दल. आमची शाळा दोनशिक्षकी, पहिली ते चौथी. प्राथमिक शाळेला कारकून नसतो, शिपाई नसतो. सकाळी तांदूळ-डाळ मोजून द्यायची. खिचडी शिजली की आधी आपण खाऊन बघायची आणि चव नोंदवहीत लिहायचं, हे योग्यच आहे, मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे. मग जेवणाऱ्या मुलांचा आकडा मोबाईलवर भरायचा. मग यू-डायस, म्हणजे शाळेची आणि मुलांची सगळी माहिती ऑनलाइन भरायची. मग आधार. एखाद्या मुलीचं नाव आमच्या जनरल रजिस्टरला 'वैष्णवी' आणि आधारला भलतंच काहीतरी, की पोर्टल ती नोंद स्वीकारत नाही. तिच्या आईने मजुरी बुडवून तालुक्याच्या आधार केंद्रावर जायचं, तिथे सर्व्हर बंद, पुन्हा यायचं. आता त्यात अपार आयडीची, म्हणजे प्रत्येक मुलाच्या कायमच्या शैक्षणिक ओळख क्रमांकाची भर. दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर 'तात्काळ', 'आज दुपारी १२ पर्यंत' असे निरोप पडत असतात. फळ्यावर हातच्याची वजाबाकी अर्धी राहते आणि खडू ठेवून मोबाईल हातात घ्यावा लागतो.

याची किंमत काय असते ते एका मुलीवरून सांगते. दुसरीत होती. आईवडील ऊसतोडीला गेलेले, ही आजीपाशी. अक्षरं सगळी ओळखायची, पण 'क', 'म', 'ळ' असं सुटं सुटं म्हणून माझ्या तोंडाकडे बघायची, शब्द मी सांगावा म्हणून. परिपाठानंतर रोज तिला जवळ घेऊन बसत होते. एक दिवस बोट न थांबवता ती म्हणाली, 'कमळ.' मग 'बदक', 'नमन'. काना घेतला, तोही जमला. वेलांटीवर आलो आणि नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीचं काम लागलं. आधी मतदारयाद्या, मग प्रशिक्षण, मग साहित्य घेऊन केंद्रावर मुक्काम. आमच्या दोघांचीही ड्यूटी. परत आले तेव्हा ती पुन्हा सुटी अक्षरं म्हणत होती. वाचायला लागलेलं मूल त्या काठावर असतं तेव्हा त्याला रोज कुणीतरी लागतं. ते चार-दोन आठवडे निसटले की काही मुलं कायमची मागे राहतात. पाचवीत गेल्यावर त्यांना 'ढ' म्हणतात.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना दुसरं अशैक्षणिक काम देऊ नये. पण निवडणुकीच्या नावाखाली बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्राची मतदारयादी सांभाळणाऱ्याचं, काम वर्षभर चालतं. मतदारयाद्यांचं काम शिक्षकांकडून सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याची वेळ सोडून घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच म्हटलंय. आमच्यापर्यंत आदेश येतात त्यात ते कुठे दिसत नाही.

त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये टीईटीबद्दल, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, नाहीतर घरी. नव्याने येणाऱ्याची परीक्षा घ्या, कडक घ्या, माझं काहीच म्हणणं नाही. पण वीस वर्षं शिकवलेल्या बाईची पारख करायची तर तिच्या वर्गात येऊन बसा ना. तिची दुसरीची मुलं वाचतात का ते बघा. ते सोडून ती आता रात्री बालमानसशास्त्राचे प्रश्नसंच सोडवत बसते.

तुमच्या मनात येईल, गुरुजी तालुक्याला राहतात, शिकवत नाहीत, स्वतःची मुलं इंग्रजी शाळेत घालतात. असे शिक्षक आहेत. मी त्यांच्याबरोबर काम केलंय. पण सगळी तपासणी कागदावर होते म्हणून तर त्यांचं निभावतं. माहिती वेळेत भरली की शिकवणारा आणि न शिकवणारा दोघंही सारखेच उत्तम ठरतात. उलट वर्गात रमणाऱ्याचीच माहिती उशिरा जाते आणि नोटीस त्याला मिळते. चांगल्या माणसाचं मन इथे मोडतं.

तर काय करावं? माझी पहिली मागणी फार साधी आहे. प्रत्येक केंद्राला एक कारकून द्या. केंद्रात साधारण दहा-पंधरा शाळा येतात. पोर्टल, आधार, आहाराचे हिशोब एवढंच काम त्याने करायचं. त्याच केंद्राला एक जादा शिक्षक द्या, कुणी बाळंतपणाच्या रजेवर, प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीला गेलं की त्या शाळेत जाऊन उभा राहील असा. टॅब, स्मार्ट बोर्ड, रंगवलेल्या भिंती सगळं नंतर. भरती दरवर्षी ठरल्या महिन्यात झालीच पाहिजे. कोण कधी निवृत्त होणार हे सेवापुस्तकातल्या जन्मतारखेवरून आधीच कळतं, मग जागा अचानक रिकामी कशी होते? आणि शिक्षण सेवक हा प्रकार बंद करा. पहिल्या दिवसापासून पूर्ण पगार द्या, हवं तर दोन वर्षं अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली ठेवा.

अधिकाऱ्यांनी कसं वागावं याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांच्या गटात, प्रतिभा भराडे या विस्तार अधिकारी होत्या. त्यांनी शिक्षकांबरोबर ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलानं स्वतः करून शिकण्याच्या, पद्धतीचं काम उभं केलं. फरशीवर अंकांच्या पट्ट्या, काड्या, मणी, शब्दांची कार्डं, आणि मुलं आपापल्या गटात करून बघतायत. राज्यभरातून शिक्षक ते बघायला जायचे, आमच्या तालुक्यातूनही गेले होते. आल्यावर एका मॅडमनी सांगितलं, 'तिथे साहेब आल्यावर पोरं उठून उभी राहत नाहीत, आपलं काम करत राहतात.' अधिकारी वर्गात मुलांशेजारी बसतो आणि अडलं तर मदत करतो, एवढ्याने शिक्षकाला केवढं बळ येतं! जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला आणि त्या पद्धतीचे वारे सगळीकडे वाहू लागले. पण बऱ्याच ठिकाणी पोचलं ते फक्त फरशीवरचं रंगकाम आणि भरायचे तक्ते. केंद्रप्रमुखांची कितीतरी पदं रिकामी, मग शिक्षकाच्या शेजारी बसणार कोण? ती पदं आधी भरा, आणि महिन्यातले निम्मे दिवस त्यांना वर्गात बसू द्या, अहवाल न मागता.

तुम्हाला स्वतःला काही करायचं असेल तर गावातल्या शाळा व्यवस्थापन समितीत जा. कायद्याने तिच्यात ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या महिला. महिन्याच्या बैठकीत विचारा की या महिन्यात शिक्षक किती दिवस आणि कोणत्या कामासाठी वर्गाबाहेर होते. ते प्रोसिडिंगला लिहून घ्या आणि ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा. आमच्या समितीतल्या बायकांनी हे लावून धरलं. पुढचं प्रशिक्षण लागलं तेव्हा पहिल्यांदाच दोघांना एकाच वेळी न बोलावता वेगवेगळ्या तुकडीत बोलावलं, आणि शाळा एकही दिवस शिक्षकाविना राहिली नाही.