पिंजऱ्याबाहेरचा उंदीर

प्रश्न : मांगरात साठवलेल्या भाताची उंदीर फार नासाडी करतात, म्हणून मी खोबऱ्याचा तुकडा लावून पिंजरा ठेवतो. परवा त्यात एक उंदीर अडकला आणि त्याच्याहून दांडगा असा दुसरा उंदीर रात्रभर पिंजऱ्याभोवती फिरत तारा कुरतडत राहिला. तो सोबत्यासाठी आला होता की खोबऱ्यासाठी? उंदरांमध्ये वरचढ आणि दुबळे असा क्रम असतो का, आणि वरचढ उंदीर दुबळ्याला मदत करतात का?
— एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : खोबऱ्याची शंका आपण स्वतःच घेतलीत, हे फार चांगले झाले, कारण संशोधकांनाही हाच प्रश्न पडला होता. शिकागो विद्यापीठात इनबाल बेन-अमी बार्टाल, जीन डेसेटी आणि पेगी मेसन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एक उंदीर अरुंद नळीत कोंडलेला असे आणि तिचे दार फक्त बाहेरून उघडता येई. बाहेर मोकळ्या असलेल्या ३० उंदरांपैकी २३ उंदीर कोणी न शिकवता दार उघडण्यास शिकले. रिकाम्या नळीचे दार उघडण्यात मात्र त्यांना तसा रस नव्हता. पुढे शेजारच्या दुसऱ्या नळीत चॉकलेटचे तुकडे ठेवले, तेव्हा त्यांनी दोन्ही नळ्या उघडल्या आणि अर्ध्याहून अधिक वेळा सुटून आलेल्या सोबत्यालाही त्यातला वाटा मिळाला. ही खरी करुणा की केवळ सहवासाची ओढ, यावर संशोधकांमध्ये अजून वाद आहे. माझ्या मते या दोन प्रेरणा उंदराच्या मनात वेगळ्या असतीलच, असे गृहीत धरण्याचे कारण नाही.

क्रम निश्चितच असतो. अन्नासाठी चढाओढ लागली की एकत्र राहणाऱ्या दोन उंदरांपैकी कोण वरचढ आहे, ते दिसून येते. मदतीविषयीच्या आपल्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्या सर्वसाधारण समजुतीच्या उलट आहे. स्पेनमधील क्रिस्टिना मार्केझ यांच्या गटाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका उंदरापुढे दोन वाटा ठेवल्या होत्या : एका वाटेने गेल्यास खाऊ त्याला एकट्याला मिळे, दुसऱ्या वाटेने गेल्यास तितकाच खाऊ त्यालाही मिळे आणि सोबत्यालाही. नर-मादी किंवा ओळखीचा-अनोळखी या भेदांचा निवडीवर परिणाम झाला नाही. परिणाम झाला तो क्रमाचा. निवड वरचढ उंदराच्या हाती असे, तेव्हा सोबत्याला देणारी वाट लवकर आणि अधिक वेळा निवडली जाई.

याचे श्रेय एकट्या वरचढ उंदराला देणे मला योग्य वाटत नाही. निवडीच्या आधीच्या क्षणांत दुबळा उंदीर त्याच्या हालचालींमागोमाग सरकत असे, त्याच्या जवळ राही आणि ५० किलोहर्ट्झच्या आसपासचे आवाज काढी. माणसाला सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकू येते, त्यामुळे हे आवाज आपल्या कानांवर पडतच नाहीत. दुबळ्याचे हे आवाज जितके अधिक, तितकी वरचढाची देण्याकडे ओढही अधिक आढळली. मागणारा आपली गरज किती स्पष्टपणे कळवतो, याला देणाऱ्याच्या स्वभावाइतकेच महत्त्व दिसते.

हे प्रयोग प्रयोगशाळेत वाढवलेल्या तपकिरी उंदरांवर झाले आहेत. माडांवर चढणारा आणि आपल्याकडच्या घरांत शिरणारा काळा उंदीर ही वेगळी जात आहे, त्यामुळे हे निष्कर्ष मांगरातल्या उंदरांना जसेच्या तसे लावू नयेत. पिंजऱ्यात खोबरे शिल्लक होते का, हे आपण लिहिलेले नाही. पुन्हा असे घडल्यास तेवढे अवश्य पाहून कळवावे. खोबरे संपल्यावरही बाहेरचा उंदीर तारा सोडत नसेल, तर आमिषाचे कारण पुष्कळसे मागे पडते.