‘आळशी झालाय’ म्हणतात

प्रश्न : आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, यंत्रमागावर कामाला होते. गाडीवरून पडून डोक्याला मार लागला, त्याला चार महिने झाले. चालतात, बोलतात, पण सांगितल्याशिवाय आंघोळसुद्धा करत नाहीत. एकदम चिडतात. सासूबाई म्हणतात, आळशी झालाय. काय करू?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : ताई, आधी सासूबाईंना हे वाचून दाखवा. कपाळामागचा मेंदू दुखावला की काम सुरू करण्याची कळच बिघडते. माग चांगला, स्टार्टर गेलाय, असं समजा. रागाला आवर घालणंही तिथलंच काम.

माझ्या धाकट्या भावाचं असंच झालं होतं. ‘आंघोळ कर’ म्हटलं की नुसता बसून. मग मी बादली भरून, टॉवेल हातात देऊन एवढंच म्हणायचे, ‘ऊठ.’ उठला की ‘चल.’ एका वेळी एकच. शेंगाचटणी वाढ म्हटलं तर डबा धरून उभा राहायचा. झाकण, चमचा, ताट असं तोडून सांगत गेले, तेव्हा तीन आठवड्यांनी आपणहून वाढली. (भाकरी दिसेना इतकी. मी गप्प बसले.)

टीव्ही चालू, पाहुणे बसलेले, वर सोलापूरचं ऊन, मग चिडणारच. मेंदू लवकर थकतो. दुपारी झोपू द्या. यंदा गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत नेऊ नका. फिटच्या गोळ्या असतील तर मनाने बंद करू नका. डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी आणि माग दोन्ही नको. पहिल्या सहा महिन्यांत फरक भरभर दिसतो, पुढेही सावकाश पडत राहतो.

आणि तुम्ही माहेरी शेवटच्या कधी जाऊन आलात?