चामड्यावरचे कोरीवकाम: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

चामड्यावर फुले-वेली कोरायला नुकतीच सुरुवात केलेल्या वाचकांची पत्रे गेल्या अंकानंतर बरीच आली. बहुतेकांचा सूर एकच आहे: ‘माझ्या हातात कला नाही असे वाटते.’ पत्रांतल्या तक्रारी वाचल्या तर दोष हाताचा फारच थोड्यांच्या बाबतीत दिसतो. चुकते ते चामडे, पाणी आणि धार.

सोफ्याच्या कारागिराकडून उरलेले तुकडे आणले. भिजवून ठसा मारला की उठतो, पण थोड्या वेळाने सपाट होतो. जोर कमी पडतो का? (फोंडा)

जोर वाढवू नका, चामडे बदला. सोफा, जॅकेट आणि बाजारातल्या बहुतेक पर्सचे चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. ते मऊ आणि लवचिक राहावे यासाठीच तसे कमावतात, म्हणून दाबलेला भाग पुन्हा वर येतो. कोरण्यासाठी झाडांच्या साली-फळांतल्या टॅनिनने कमावलेले चामडेच लागते. व्यापारी त्याला ‘व्हेज टॅन’ म्हणतात.

ओळखायचे कसे? कड ताजी कापून आतला रंग पाहा. क्रोमचा गाभा बहुधा निळसर-करडा दिसतो, व्हेज टॅनचा बदामी किंवा तपकिरी. मग वरच्या बाजूला पाण्याचा थेंब टाका. तो शोषला जाऊन डाग गडद झाला तर काम होईल. तसाच घरंगळला तर वर पॉलिश किंवा मेण चढवलेले आहे आणि तो तुकडा व्हेज टॅन असला तरी उपयोगाचा नाही.

गोवेकरांना जवळचे ठिकाण म्हणजे कोल्हापूर. चपलांसाठी बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले चामडे तिथे मिळते. ते कणखर असते आणि ठसा चांगला धरते. पृष्ठभाग मात्र सगळीकडे सारखा नसतो. सरावाला ते उत्तम. नाजूक फुलांसाठी चेन्नई, कानपूर किंवा कोलकात्याच्या व्यापाऱ्यांकडून ‘नॅचरल, बिनरंगाचे, ३ मिलिमीटर’ असे सांगून मागवा. पोटाकडचा भाग स्वस्त पडतो, पण तो ताणला जातो आणि नक्षी वाकडी होते. खांद्याकडचा घ्या. ३० बाय ३० सेंटिमीटरच्या एका तुकड्यातून १० बाय १५ चे सहा सरावतुकडे निघतात. सुरुवातीला एवढे पुरे.

पुस्तकात लिहिले आहे तसे भिजवून अर्धा तास थांबते, तरी काप मिटून जातात. उन्हाळ्यात असे होत नव्हते. (म्हापसा)

घड्याळाकडे पाहू नका, चामड्याकडे पाहा. अर्ध्या तासाचा हिशेब कोरड्या हवेतला आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेतच इतका ओलावा असतो की तेवढ्याच तुकड्याला दुप्पट वेळही लागू शकतो.

हमखास जमणारी रीत अशी. संध्याकाळी स्वच्छ स्पंजने वरची बाजू एकसारखी पुसत ओली करा. मध्येच थांबलात तर पाण्याची रेघ उमटते. चामडे पाणी सावकाश पिऊ लागले की थांबा आणि तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. ओलावा गाभ्यापर्यंत सारखा पसरतो. सकाळी बाहेर काढून नुसते ठेवून द्या. पंखा लावू नका, त्याने वरचा थर सुकतो आणि आत ओल राहते. रंग मूळ रंगाकडे परतू लागला आणि गालाला लावल्यावर गारवा जाणवला की कामाला बसा.

खात्री ठशाने होते. ओल बरोबर असेल तर ठशाखालचा भाग चॉकलेटी होतो आणि कड ठसठशीत राहते. ओल जास्त असेल तर ठशाभोवती पाणी दिसते, काप मिटतात, सगळे लिबलिबीत होते. कमी असेल तर चाकू अडखळतो, ठसा फिकट उमटतो. चामडे पुरते सुकले असेल तर फक्त काप असलेला भाग न भिजवता सगळ्या पृष्ठभागावरून ओलसर स्पंज फिरवा.

पावसाळ्यात पिशवीत एका रात्रीपेक्षा जास्त ठेवू नका, बुरशी धरते. काम लांबले तर पिशवी फ्रिजमध्ये ठेवा. पूर्ण झालेला तुकडा सपाट पृष्ठभागावर सावलीत निदान एक दिवस सुकू द्या. उन्हात तो काळवंडतो आणि मुडपतो. ठोकताना चामडे पसरू नये म्हणून मागच्या बाजूला आधीच रुंद पॅकिंग टेप चिकटवा.

आणखी एक त्रास तुम्ही लिहिला नाही, पण किनाऱ्याकडच्या कितीतरी पत्रांत आहे: निळे-काळे ठिपके. ओल्या चामड्यातल्या टॅनिनचा लोखंडाशी संयोग होतो म्हणून ते पडतात. कारण गंजलेले हत्यार, कात्रीचा कीस किंवा विहिरीच्या पाण्यातले लोह. फिल्टरचे पाणी वापरा. डाग पडलाच तर लिंबाचा रस थोड्या पाण्यात घालून सगळ्या तुकड्यावरून सारखा फिरवा आणि मग साध्या पाण्याने पुसून घ्या. हत्यारांना मशीन ऑइलचा पातळ हात द्या, वापरण्याआधी तो कोरडा पुसा आणि हत्यारे सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवा.

स्विव्हल नाइफने गोल काप नीट येत नाहीत, रेघ थरथरते. किती सरावाने हात बसेल? (मडगाव)

स्विव्हल नाइफ म्हणजे बोटांत दांडा फिरवून वळणे कापायचा चाकू. आधी त्याची धार तपासा. स्वस्त चाकू दुकानातून बोथटच येतो. १००० आणि मग २००० नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरवर पाते मूळ कोनात घासा. नंतर जाड पुठ्ठ्यावर हिरवे पॉलिशिंग कंपाउंड चोळून दोन्ही बाजूंनी दहा-पंधरा वेळा ओढा, धार नेहमी मागे राहील अशा बेताने. काम चालू असताना पाच-दहा मिनिटांनी पुठ्ठ्यावर पुन्हा फिरवा. पाते आरशासारखे झाले की चाकू चामड्यातून सरकतो. तरी रेघ थरथरली, तर मग हाताकडे वळू.

वरच्या खोबणीत तर्जनी. दाब तीच देते. दांडा अंगठा आणि मधल्या बोटाने फिरवायचा, करंगळी चामड्यावर टेकलेली. पाते डावी-उजवीकडे कलू देऊ नका, नाहीतर काप तिरपा जाऊन कड उचकटते. पुढे मात्र थोडे झुकवा, म्हणजे टोकच कापते. ३ मिलिमीटर जाडीत काप साधारण १ मिलिमीटर खोल. वळणावर मनगट वळवू नका, दांडा फिरवा. रेघ संपताना दाब हलका करत उचला. दोन काप एकमेकांना छेदणार नाहीत हे पाहा, नाहीतर तो कोपरा पुढे सुटतो.

काप झाल्यावर बेव्हलर, म्हणजे कापाची एक बाजू उतरती दाबणारा ठसा. फुलाच्या पाकळीच्या बाहेरच्या अंगाने हत्याराची सरळ कड कापात टेकवा आणि हलके, भराभर ठोकत सरकवा. प्रत्येक ठोका आधीच्यावर दोन तृतीयांश चढला पाहिजे. शिडीच्या पायऱ्या दिसल्या तर पावले मोठी पडताहेत. मोगरी लाकडाची किंवा प्लॅस्टिकची घ्या. लोखंडी हातोडीने ठशांची डोकी पसरतात.

दोन महिने केले, आता हत्यारांकडे बघवत नाही. इंटरनेटवरची कामे पाहिली की आपले काम फेकून द्यावेसे वाटते. (डिचोली)

तुम्ही ज्या गच्च गोल वेलींचे फोटो पाठवलेत, ती शेरिडन पद्धत आहे. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या शेरिडन गावच्या खोगीर करणाऱ्यांनी ती घडवली. रोज तेच काम करणाऱ्यांच्या हातून ती आलेली आहे. दोन महिन्यांच्या कामाशी तिची तुलना करणे तुमच्या कामावर अन्याय आहे.

तुमची दुसरी अडचण पत्रातच दिसते. तुम्ही पहिल्याच फटक्यात खांद्याची बॅग घेतलीत. तिच्यात कोरणे, रंग, शिवण, कडा सगळे एकदम येते आणि एक चूक झाली की आठवड्यांची मेहनत जाते. बॅग बाजूला ठेवा. १० सेंटिमीटरचा चहाच्या कपाखालचा गोल घ्या आणि त्यावर चाफा. पाच पाकळ्या, पाच वळणे, बारीक शिरा नाहीत, म्हणून काप आणि बेव्हल दोन्ही स्पष्ट तपासता येतात. तोच चाफा सहा वेळा करा. दर वेळी एकच गोष्ट सुधारायची: एकदा फक्त कापाची खोली, एकदा फक्त बेव्हलची सलगता. मागे तारीख, ओल कशी होती आणि कोणता ठसा वापरला ते पेनाने लिहा. पहिला आणि सहावा शेजारी ठेवून तिरक्या उजेडात फोटो काढा. फरक तुमचा तुम्हालाच दिसेल, आणि पुढच्या तुकड्याला बसायला तेवढे पुरते.

मग आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवरच्या कावी चित्रांकडे वळा. तांबड्या थरातून रेघ ओरखडून खालचा पांढरा चुना उघडा करायची ती कला आहे. तिथल्या किनारी आणि वेली रेघेच्याच भाषेत असल्याने चाकूला सहज जुळतात. पट्ट्यावर एकच किनार पुन्हा पुन्हा येते, म्हणून सरावही होतो.

नवी हत्यारे आत्ता घेऊ नका. चाकू, बेव्हलर, पेअर शेडर (पाकळीला खोलगटपणा देणारा ठसा) आणि बॅकग्राउंडर (नक्षीमागची जागा दाबणारा ठसा) एवढ्यांत हे सगळे होते. आणि उद्याचा तुकडा आज रात्री भिजवून पिशवीत ठेवा. सकाळी तो वाट पाहत असला की बसणे टळत नाही.

फ्लॅटमध्ये ठोकण्याचा आवाज खालच्यांना जातो. उपाय? (पणजी)

चामड्याखाली ठेवायला ग्रॅनाइटवाल्याकडे ओट्याचा उरलेला तुकडा मिळतो, ३० बाय ३० सेंटिमीटर पुरे. पातळ असेल तर दोन एकावर एक चिकटवा. दगड जड झाला की ठोका हलका चालतो. खाली जाड रबराची चटई घाला आणि दगड टेबलाच्या मध्यावर न ठेवता पायाच्या बरोबर वर ठेवा. मध्यावर फळी ढोलासारखी घुमते आणि ठशाचा अर्धा जोर तीच खाते.